पंचमीची सुट्टी

माझे वडील जाऊन अकरा वर्षं झाली, आणि अकराही वर्षं त्यांचं श्राद्ध ते कुणाचे तरी काका म्हणून झालं. मुलगा नाही. मी एकटी मुलगी, लग्न न केलेली, सरकारी रुग्णालयात नर्स. श्राद्धाच्या दिवशी नेमकी माझी ड्यूटी असायची. मग शेजारच्या गल्लीतून चुलतभाऊ यायचा, सोवळं नेसून पाटावर बसायचा आणि गुरुजी सांगतील तसं म्हणायचा. पिंड ठेवताना तो कुणाला देतो आहोत, ते आपले कोण लागतात, हे संस्कृतात उच्चारावं लागतं. भाऊ म्हणायचा, ‘अस्मत् पितृव्यम्’, म्हणजे माझ्या काकांना. त्यात चूक काहीच नव्हतं. त्याचे ते काकाच.

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून ऐकायची. यंदा उन्हाळ्यात तिचा डावा कान पुरता गेला आणि उजवा अर्ध्यावर आला. मी तिला आमच्याच रुग्णालयात कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बरंच तपासून मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की उजवाही फार दिवस साथ देणार नाही, यंत्र लावलं तरी आवाज कळेल, शब्द कळतीलच असं नाही. आईला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण ती चेहरे वाचते. परत येताना मैदागिन चौकाच्या गर्दीत, ई-रिक्षात, ती एकदम म्हणाली, “यंदा तू कर. मला एकदा ‘पितरम्’ ऐकायचंय. कान आहे तोवर.”

बहिरी माणसं हळू बोलत नाहीत. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. मी मान डोलावली आणि बाहेर बघत राहिले. बाहेर एक बैल फुलांच्या दुकानापुढे उभा होता, दुकानदार त्याच्याशी काहीतरी बोलत होता, आणि मला वाटलं की आपण हे सगळं पाण्याखालून बघतोय.

हे माझं नेहमीचंच. मी चालता चालता झोपणारी बाई आहे, असं वडीलच म्हणायचे. वॉर्डात मात्र नाही. तिथे सलाइनचा थेंब न् थेंब मला दिसतो. पण वॉर्डाचा जिना उतरला की माझं मन होडीसारखं दोर सोडून निघतं.

आम्ही मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच; मणिकर्णिकेजवळच्या रामघाटावर राहतो, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. खाली वेदपाठशाळा आहे, त्यामुळे आमच्या घरात सकाळ घड्याळाने होत नाही, पठणाने होते. खिडकीतून नदीचा एक तुकडा दिसतो. फोनला सिग्नल फक्त गच्चीवर येतो, तोही पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहिलं तर.

आता ड्यूटीचं सांगते, कारण गोष्ट तिथेच अडली होती. आमच्याकडे पूर्वी मेट्रन मॅडमच्या खोलीबाहेर भिंतीवर एक तक्ता असायचा. लाल पेन्सिलीने सकाळच्या ड्यूट्या, निळ्या पेन्सिलीने दुपारच्या. महिना संपायच्या दोन दिवस आधी तो लागायचा आणि आम्ही सगळ्या त्याच्याभोवती माना वर करून उभ्या राहायचो. कुणाला बदल हवा असेल तर आत जायचं, टेबलापुढे उभं राहायचं, कारण सांगायचं. मॅडम मान वर करत नसत. ऐकून घेत, आणि मग म्हणत, “सबके घर में कुछ न कुछ है, सिस्टर.” हे मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं. मी स्वतः त्या खोलीत सुट्टी मागायला कधी गेले नाही. मागायची वेळ आली की माझ्या तोंडाला कुलूप लागतं. तक्त्यात श्रावण वद्य पंचमीच्या तारखेखाली लाल रेघ दिसली की मी घरी येऊन आईला सांगायची, “नाही मिळाली.” खोटं नव्हतं ते. मिळाली नव्हतीच.

मग ड्यूटीचं ॲप आलं. आधी सगळ्या घाबरल्या. कुणी म्हणालं, यात आपण कुठे फिरतो ते कळतं. कुणी म्हणालं, आता घरीही चैन पडू देणार नाहीत. ते शिकवायला एक बाई आल्या आणि आम्हाला ओळीने बसवून अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवून गेल्या. मला ते दोन दिवसांत आवडून गेलं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

आवडलं ते असं. गच्चीवर टाकीला टेकून, संध्याकाळी, अख्खा महिना हातात धरून बसता यायचं. सकाळच्या ड्यूट्यांचे चौकोन केशरी, दुपारचे निळे, सुट्टीचे पांढरे. खाली नदी सावकाश काळी होत जायची आणि माझा महिना उजेडात राहायचा. तक्त्यापुढे माझ्या वाट्याला नेहमी पाठी आणि वेण्या यायच्या, माझी ओळ शोधायला कुणाच्या तरी काखेखालून बघावं लागायचं. आता ती ओळ माझ्याकडे चालून आली होती. मी नुसती बघत बसायची. काही करायचं नसायचं.

पुढे त्याचे आणखी उपयोग कळले. आमच्या वॉर्डातला मधला पंखा दोन उन्हाळे घरघरत होता. त्याच्यासाठी किती चिठ्ठ्या दिल्या ते विचारू नका. एकीने त्याचा फोटो ॲपवर टाकला आणि तीन दिवसांत शिडी घेऊन माणूस हजर. त्या दुपारी पंखा आवाज न करता फिरला तेव्हा पेशंट बायका बेचैन झाल्या, त्यांना वाटलं वीज गेली. आणि ड्यूटी बदलायची सोयही होती. कुणाशी बदलायची ते नाव निवडायचं, कारण लिहायचं तर लिहायचं, नाहीतर नाही. समोरच्याने हो म्हटलं की चौकोनाचा रंग बदलायचा. मेट्रनच्या टेबलापुढे उभं राहणं नाही, कुणाची भुवई बघणं नाही. माझ्यासारखीसाठीच कुणीतरी हे केलं असावं, असं मला वाटायचं. बेसिनवर हात धुताना मी त्या अनोळखी माणसाचा विचार करायची. बहुतेक चष्मा असेल त्याला. त्यालाही मागता येत नसेल.

तरी बदल करायला मी स्वतः हात लावला नाही. वॉर्डात माझ्याबरोबर एक तरुण सिस्टर आहे, बलिया जिल्ह्यातली, फोनवर तिची बोटं चालतात ती बघत राहावीत अशी. जूनमध्ये, चहाच्या वेळी, मी तिला म्हटलं की मला वडिलांच्या श्राद्धासाठी एक दिवस हवा आहे, बदलून देशील का? तिने लगेच हो म्हटलं.

“तिथि बताइए, दीदी.”

“सावन बदी पंचमी.”

“रुकिए, देख देते हैं.” तिने फोनवरच पंचांग उघडलं, तिथी शोधली, ॲपमध्ये गेली, माझा चौकोन तिच्याकडे आणि तिचा माझ्याकडे केला. मग माझा फोन माझ्यापुढे धरला. “बस, यहाँ हाँ कर दीजिए.”

खिडकीतून निंबाच्या झाडाची सावली फोनवर हलत होती. मी हो केलं. तारीख बघितली नाही. अकरा वर्षं जे झालं नाही ते एका बोटाने झालं, याच नवलात मी होते.

जुलैत गुरुपौर्णिमा झाली. नदी चढायला लागली, घाटाच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा झाल्या, होड्या बंद झाल्या. एका संध्याकाळी फोनवर आलं, ‘कल आपकी छुट्टी है.’ मी बाजारात गेले. श्राद्धाला लागतात त्या भाज्या घेतल्या, कारली, गवार, भेंडी, अळूची पानं, वड्यांसाठी उडदाची डाळ, काळे तीळ. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तीन मजले चढले, तेव्हा अंगात हलकंसं गाणं होतं.

आईने पिशवीत डोकावून बघितलं. “हे सगळं कशाला?”

“उद्या पंचमी ना!” मी तिच्या उजव्या कानाशी म्हटलं.

“असेल. मग?”

“बाबांचं श्राद्ध.”

आईने कारली हातात घेतली, परत ठेवली. “अगं, गुरुपौर्णिमा होऊन चार दिवस झालेत. हा आषाढ आहे. यांची तिथी श्रावणातली. अजून महिना आहे.”

मी तिथेच बसले. खरं तर मला हे कळायला हवं होतं, मी इथेच जन्मले. आमच्या घरांत महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात सगळ्यांचा महिना एकच असतो, पण वद्य पक्ष लागला की ते आमच्यापुढे एक महिना निघून जातात. आमचा आषाढ वद्य म्हणजे त्यांचा सावन. आमच्या श्रावण वद्यात त्यांचा भादो लागलेला असतो. मला बलियावालीला ‘भादो’ म्हणायला हवं होतं. घरातून रुग्णालयात जाताना मी भाषा रोज बदलते, त्याचं मला काही वाटत नाही. पण महिना तसाच घेऊन गेले. आणि तिने तिच्या पंचांगाप्रमाणे अगदी बरोबर केलं होतं.

मला वाटलं आई रागावेल. ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “त्यांच्या हिशोबाने बरोबर आहे की,” म्हणाली. “बाबांना सांगू, लेक तुमची महिनाभर आधीच तयार होऊन बसली होती.” मग पदराने डोळे पुसता पुसता तिने विचारलं, “मग त्या दिवशी सुट्टी मिळेल ना?”

मी हो म्हटलं. मला माहीत नव्हतं.

दुसरा दिवस मोकळा होता. आयुष्यात असा दिवस मला क्वचित मिळाला असेल, कुणासाठीच नसलेला, चुकून मिळालेला. पठणाच्या आवाजाने जागी झाले आणि उठले नाही. गल्लीतून शंकराला कावडीने पाणी नेणाऱ्या काँवडियांचे घोष येत होते, वरून पाऊस, खालून ऋचा, आणि खिडकीतला नदीचा तुकडा रुंद होऊन जवळ आलेला, मातकट. चौकटीपर्यंत पाणी आलंय असं पडल्या पडल्या दिसायचं. आईने कारल्याची साधी भाजी केली. दुपारी आम्ही दोघी खिडकीशी बसलो आणि ती मला काय काय होतं ते सांगू लागली: दर्भाचं पवित्र कोणत्या बोटात, तिळाचं पाणी अंगठ्याच्या कोणत्या बाजूने सोडायचं. ती कधी पाटावर बसली नव्हती, पण उंबऱ्यावरून साठ वर्षं बघितलं होतं. माझा हात हातात घेऊन तिने पाणी कुठून गळेल ते बोटाने दाखवलं. मी सुया टोचणारी, माझे हात कुणी असे धरत नाही.

“म्हणून दाखवू का?” मी विचारलं. “अस्मत्—”

“नको.” तिने हात सोडला. “आज नको. त्या दिवशीच.”

तिची सावली जमिनीवर हलली आणि मला एकदम भीती वाटली. डोळे उघडे ठेवून बघितलेल्या स्वप्नासारखा तो दिवस चालला होता, आणि त्याच्या तळाशी, त्या दिवशी सुट्टी मिळेल का, हे एवढं टोचत राहिलं.

ऑगस्टचा महिना ॲपवर उघडला तेव्हा मी गच्चीवर होते. आमच्या खऱ्या पंचमीचा चौकोन केशरी. सकाळी आठ ते दोन. श्राद्ध दुपारी बाराला ठरलेलं. बलियावालीला फोन केला तर ती रडवेलीच झाली. राखीला ती माहेरी जाणार होती आणि कजरीचा सण करून आठवडाभराने परतणार होती, तिची रजा जूनमध्येच मंजूर झालेली. “दीदी, हमारी वजह से...” मी म्हटलं, तुझ्यामुळे काही नाही, माझ्या डोक्यामुळे. मग तापाची साथ आली. बायकांचा वॉर्ड भरला, व्हरांड्यात खाटा पडल्या, आणि ॲपवर रजेचं बटण राखाडी झालं. दाबलं तरी काही व्हायचं नाही. एकदा नाही, मी दहादा दाबून बघितलं.

आई रोज विचारायची नाही. रोज एकदा माझ्याकडे बघायची, बस. आणि आता तिला तीनदा हाक मारावी लागत होती.

मी ॲपमध्ये इकडे तिकडे हिंडू लागले, जसं माणूस हरवलेली किल्ली शोधताना एकाच कपाटात पुन्हा पुन्हा हात घालतो. तिथे, ड्यूटी बदलण्याच्या खाली, एक ओळ होती जी मी कधी वाचली नव्हती. पूर्ण ड्यूटी नको असेल तर तासही मागता यायचे. एकेक तास. ज्यांना जमेल त्यांनी तो घ्यायचा. मागणी सगळ्या सिस्टरांना दिसायची, एका नावाला नाही. सगळ्यांना. मी फोन बंद केला आणि खाली गेले.

रात्रीच्या भाकरीआधी पुन्हा वर गेले. अकरा ते बारा, बारा ते एक, एक ते दोन, असे तीन तास निवडले. कारण लिहायची चौकट होती. मी नेहमी रिकामी सोडली असती. तिथे लिहिलं, ‘पिताजी का श्राद्ध है. पहली बार मैं करूँगी. माँ सुनना चाहती हैं.’ वाचून लाज वाटली, अंगावरचा पदर कुणी ओढल्यासारखी. पण पाठवलं. पाठवल्यावर ते परत घेता येतं का ते शोधलं, तसं बटण नव्हतं.

तीन दिवस तिन्ही तास पिवळे. पिवळा म्हणजे वाट बघा. वॉर्डात कुणी माझ्याशी त्याबद्दल बोललं नाही, आणि मीही बेसिनशी, जिन्यात, औषधांच्या खोलीत प्रत्येकीच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होते. सगळ्यांनी वाचलंय आणि कुणाला जमत नाही, असं मी मनाशी पक्कं केलं. चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्या पेशंटचा ताप मोजत असताना एप्रनच्या खिशात फोन थरथरला. अकरा ते बारा, हिरवा. ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरने घेतला होता. तिच्याशी माझं दहा वर्षांत ‘नमस्ते’पलीकडे बोलणं नाही. संध्याकाळी बारा ते एकही हिरवा झाला. लहान मुलांच्या वॉर्डातल्या, निवृत्तीला आलेल्या एका सिस्टर आपल्या सुट्टीच्या दिवशी तेवढ्या एका तासासाठी येणार होत्या.

एक ते दोन पिवळाच राहिला. एका तासाने काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. पण वॉर्ड एक मिनिटही रिकामा सोडता येत नाही, आणि एक वाजेपर्यंत तर पिंडही झाले नसते.

पंचमीला सकाळी मी उपाशी, नेहमीप्रमाणे आठला हजर झाले. निघताना आई पाट मांडत होती. मी तिला तासांचं काही सांगितलं नव्हतं, एवढंच म्हटलं की बाराच्या आत येते. वॉर्डात त्या दिवशी सगळं लांबून ऐकू यायचं. बायकांचं कण्हणं, ट्रॉलीची चाकं, नळ. मी औषधं देत होते आणि दर थोड्या वेळाने खिशातला फोन बघत होते, आणि फोन दर वेळी पिवळा होता. साडेदहाला बघितलं. पावणेअकराला बघितलं. हिरवा. खाली हुद्दा लिहिला होता: मेट्रन.

मला वाटलं ॲप चुकलं. अकराला ऑपरेशन थिएटरची सिस्टर आली, तिच्याकडे वॉर्ड सोपवून मी खाली त्यांच्या खोलीत गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच, मागायला नाही तर आभार मानायला. भिंतीवर तक्ता होता तिथे फिकट चौकोन राहिला होता. मॅडम नेहमीसारख्या खाली बघून काहीतरी लिहीत होत्या.

“मॅडम, एक से दो...”

“जाइए, सिस्टर. नाम चढ़ गया है, अब वापस भी नहीं ले सकते.”

मी थांबले. मला काहीतरी बोलायचं होतं. म्हटलं, “ग्यारह साल से छुट्टी नहीं मिली थी, मॅडम.”

त्यांनी मान वर केली. त्यांचे डोळे मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते, थकलेले होते, आणि एका डोळ्यात मोतीबिंदू धरत होता. “आपने माँगी कब?” त्या म्हणाल्या.

एवढंच. रागाने नाही, खरंच विचारल्यासारखं. मी निघाले. ई-रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. ती लाल पेन्सिल, ते टेबल, ती न वर होणारी मान, अकरा वर्षं मी त्यांच्यावर मनातल्या मनात दात खात होते. आणि आई अकरा वर्षं उंबऱ्याशी बसून ‘पितृव्यम्’ ऐकत होती, कारण माझ्या तोंडाला कुलूप होतं. दुसरं काही कारण नव्हतं. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

मैदागिनपासून चालत निघाले. पाणी वर आलं होतं, मणिकर्णिकेकडे जाणारी माणसं गल्ल्यांतून वाट काढत होती, मीही त्यांच्यात थोडं अंतर चालले आणि मग आमच्या गल्लीला वळले. घरी पोचून आंघोळ केली, आईची सोवळ्याची साडी नेसले. फोन बंद करून दाराबाहेरच्या कोनाड्यात ठेवला. गुरुजी येऊन बसले होते. ते म्हणाले, “ताई, बसा. मी सांगेन तसं म्हणा, घाई नाही.” चुलतभाऊ आला होता. तो आपणहून भिंतीशी जाऊन बसला.

आई उंबऱ्याशी होती, उजवा कान आमच्याकडे करून, डोळे मिटून.

दर्भ, तीळ, पाणी. पाणी अंगठ्याच्या बाजूने बरोबर गळलं. खोलीत भाताची वाफ होती आणि खिडकीतून नदीचा उजेड छतावर हलत होता. पिंड हातात आला तो मऊ, कोमट होता. गुरुजींनी सांगितलं आणि मी म्हटलं, मोठ्याने, वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावं इतक्या मोठ्याने:

“अस्मत् पितरम्—”

आईचे डोळे उघडले.

पुढे नाव घ्यायचं असतं. गुरुजी थांबले, नाव मी घ्यायचं होतं. आणि माझ्या तोंडून ते निघेना. रुग्णालयात दिवसातून वीस वेळा मी लोकांना विचारते, पिता का नाम, आणि ते सांगतात आणि मी लिहून घेते. आज मलाच विचारलं होतं. गुरुजी हळूच म्हणाले, “ताई, नाव.” मला सगळं दिसत होतं, भिंत, भाऊ, तिळांची वाटी, आणि नाव कुठेच नव्हतं.

तेव्हा ते आईने घेतलं.

आमच्या आया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. मी जन्मल्यापासून ते ‘हे’ होते, ‘अहो’ होते, नाहीतर ‘तुझे बाबा’. रुग्णालयाच्या कागदावर लिहायची वेळ आली तेव्हाही तिने माझ्याकडे बोट केलं होतं. ती उंबऱ्याची चौकट धरून उभी राहिली आणि तिने त्यांचं पूर्ण नाव घेतलं, तिच्या त्या बहिऱ्या, मोठ्या आवाजात. ते मी इथे लिहीत नाही. गुरुजींनी मान खाली घातली.

मी तिच्यामागून ते म्हटलं. पिंड ठेवला.

“पुन्हा म्हण,” आई म्हणाली.

“काकू, एकदा म्हटलं की पुरतं,” गुरुजी म्हणाले.

“असू दे. पुन्हा म्हण.”

मी ‘अस्मत् पितरम्’पासून पुन्हा सुरुवात केली, आणि नावापाशी आल्यावर ती माझ्याबरोबर म्हणाली.